अडला डेव्हलपर कुणाचे पाय धरी? सांगली-मिरजेत थेट मदतीची सोय

कुपवाडी_कोड (धागाकर्ते) · सोमवार, रात्री ९:१२

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात दोन-चार जणांची सॉफ्टवेअरची दुकानं बरीच झाली आहेत. पतसंस्थेची खाती, मार्केट यार्डातल्या अडतीचं बिलिंग, मिरजेतल्या दवाखान्यांची नोंदणी, कारखान्याचा ऊसकाटा, दूध संकलन अशी कामं मिळतात. मोठ्या कंपनीत शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियरला हाक मारता येते, इथं ती खुर्चीच नसते. मग एका एररवर दोन दिवस जातात आणि गिऱ्हाईक फोनवर फोन करतं.

दुसरीकडं पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी आणि घरून काम करणारी आपल्याच भागातली अनुभवी मंडळी संध्याकाळी तास-दीड तास द्यायला तयार असतात. या दोघांची गाठ घालून द्यायची आहे. आठवड्यातून पाच संध्याकाळ, सात ते दहा, स्क्रीन शेअर करून थेट मदत. शिकवणी नाही, अडलेली गाडी पुढं ढकलण्यापुरतंच.

व्हॉट्सॲप ग्रुप काढून हे होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न येतो, वर दहा गुड मॉर्निंग चढतात, प्रश्न गडप. म्हणून ज्यांना अशा सोयी चालवण्यातलं कळतं त्यांनी लिहा: माणसं किती लागतील, प्रश्न कसा घ्यायचा, कुठली साधनं, पैशाचं काय, आणि गिऱ्हाइकाची माहिती परक्याच्या डोळ्यापुढं जाते त्याचं काय.

---

रांगेचं_गणित · सोमवार, रात्री ९:५५

आधी माणसांचा हिशोब करा, बाकीचं नंतर.

समजा तासाला तीन प्रश्न येतात आणि एका प्रश्नाला सरासरी चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १२० मिनिटांचं काम, दोन माणसं पूर्ण गुंतणार. दोनच जाणकार बसवले तर रांग वाढतच जाईल, कधीच संपणार नाही. तीन बसवले तर एर्लांगच्या सूत्रानं (रांगेत किती थांबावं लागेल ते काढायचं गणित) सरासरी थांबणं येतं सुमारे १८ मिनिटं. चार बसवले की साडेतीन मिनिटं. एका माणसानं एवढा फरक पडतो. प्रश्न कधीही येतात आणि कितीही लांबतात असं धरून हा आकडा आहे. प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या तासात गर्दी होते, तेव्हा याहून थोडं वाईटच धरा.

पुढची गोम अशी की हे चौघं कुठलाही प्रश्न घेतात असं गृहीत आहे. त्यांचे 'वेबवाले दोन' आणि 'डेटाबेसवाले दोन' असे गट पाडले, प्रश्नही निम्मे-निम्मे आले, तर तेच चौघं असूनही सरासरी थांबणं १३ मिनिटांच्या वर जातं. एका गटात रांग लागलेली असताना दुसरा गट रिकामा बसतो. त्यामुळं विषयवार यादी करण्याचा मोह आवरा. पहिल्या फळीत चौफेर माणसं ठेवा, आणि ज्याला एकच गोष्ट खोलात येते त्याला ड्यूटीवर न बसवता 'हाक मारली तर येईन' अशा यादीत ठेवा.

---

माणदेशी_मशीन · सोमवार, रात्री १०:२०

चौघं रोज म्हणजे आठवड्याला वीस जागा. एक माणूस आठवड्यातून एकदाच बसणार असेल तर वीस माणसं लागतील. कुठनं आणायची?

---

रांगेचं_गणित · सोमवार, रात्री १०:३१

पाच दिवसांचा हट्ट सोडायचा. मंगळवार आणि शुक्रवार, दोनच संध्याकाळ. आठ जागा, बारा माणसांची यादी, म्हणजे सुट्टी आणि लग्नकार्य सांभाळलं जातं. थोड्या वेळात जास्त माणसं एकत्र बसली की रांग लवकर सरकते, म्हणून हे बरं.

---

अर्धविराम · मंगळवार, सकाळी ७:४०

माझ्या मते सगळी सोय एका कागदावर उभी राहते किंवा पडते. मिरजेत डॉक्टर आत घेण्याआधी बाहेर केसपेपर निघतो, तसाच इथंही निघाला पाहिजे. केसपेपर भरल्याशिवाय रांगेत नंबर नाही. 'अर्जंट आहे सर' चालणार नाही.

काय काय लिहून घ्यायचं:

काय करायला गेलात, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. ही तीन वेगळी वाक्यं पाहिजेत. 'लॉगिन चालत नाही' यात तिन्ही नाहीत. 'बरोबर पासवर्ड टाकून बटण दाबलं की मुख्य पान यायला हवं, त्याऐवजी पुन्हा लॉगिनचंच पान येतं, एरर काही दिसत नाही' यात आहेत. हे वाचून जाणकार फोन उचलायच्या आतच कुकीकडं (ब्राउझरनं जपलेली लॉगिनची खूण) बघायला सांगेल.

एरर जशीच्या तशी, मजकूर कॉपी करून. फोटो नको. मोबाइलनं तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो तर नकोच. पायथॉनची एरर खालून वर वाचतात, शेवटची ओळ महत्त्वाची. जावात 'कॉज्ड बाय' अनेकदा येतं, त्यातलं सगळ्यात खालचं मूळ कारण असतं. लोक नेमक्या वरच्या चार ओळी पाठवतात आणि मूळ कारण कापलं जातं. म्हणून पूर्ण पाठवा, कापाकापी करू नका.

भाषेची, फ्रेमवर्कची, डेटाबेसची आवृत्ती. 'लेटेस्ट' असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा.

शेवटचं चाललं होतं कधी, आणि तेव्हापासून काय बदललं. इथं 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर गिट लॉगच्या (कोडातल्या बदलांची नोंदवही) शेवटच्या दहा ओळी मागायच्या. बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं.

आतापर्यंत काय करून पाहिलं. यामुळं जाणकाराची पहिली दहा मिनिटं वाचतात.

आणि सगळ्यात अवघड: सगळा प्रकल्प न देता तोच घोळ दाखवणारा लहानात लहान नमुना. तीनशे फाइलमधून एक फाइल, पन्नास ओळी, खोटा डेटा. तो तयार करताना निम्म्या लोकांचं कोडं तिथंच सुटेल. जमलं नाही तरी हरकत नाही, पण 'प्रयत्न केला, इथपर्यंत कमी करता आलं' एवढं तरी हवं.

---

तासगाव_बेदाणा · मंगळवार, सकाळी ९:०५

+१. एक भर: 'कुठं चालतं आणि कुठं नाही' हा रकानाही ठेवा. माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही, असे प्रश्न फार येतात. त्यात टाइमझोन, फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर (विंडोजला फरक नाही, लिनक्सला आहे) आणि विसरलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पासवर्ड, पत्ता अशी कोडाबाहेर ठेवलेली सेटिंग) हे तीन आधी तपासून मगच रांगेत पाठवायचं.

टाइमझोनचं नेहमीचं उदाहरण: फॉर्ममध्ये जन्मतारीख १५ निवडली, डेटाबेसात १४ गेली. ब्राउझरनं १५ तारखेची मध्यरात्र भारतीय वेळेनं धरली, पाठवताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) केली, साडेपाच तास वजा झाले, १४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजले, आणि पुढं वेळ कापून नुसती तारीख साठवली. उपाय: जिथं वेळेला अर्थ नाही तिथं तारीख साध्या मजकुरासारखी, वर्ष-महिना-दिवस अशी न्यायची. मध्ये कुठंही तिची डेट ऑब्जेक्ट (वेळेसकट तारीख) करायची नाही.

---

उगाच_एक · मंगळवार, सकाळी ९:३०

राव, २०२५ उलटून गेलं. एआयला विचारायचं की. माणसं कशाला बसवताय?

---

अर्धविराम · मंगळवार, सकाळी ९:५२

विचारावंच. केसपेपरात 'एआयला विचारलं का, काय सांगितलं, ते करून काय झालं' हा रकाना ठेवू. साधी एरर, विसरलेला कंस, लायब्ररीची जुनी पद्धत हे तिथंच मिटतं आणि रांग हलकी होते. माणूस लागतो तो प्रश्नच चुकीचा विचारला जातोय तेव्हा. ज्याला कुठं अडलंय हेच माहीत नाही तो एआयलाही चुकीच्याच जागी पाठवतो, आणि मग त्यानं सुचवलेले सहा बदल एकावर एक चढून मूळ घोळ शोधणं अवघड होतं. अशा वेळी जाणकाराचं पहिलं काम एकच: गिटमध्ये मागं जाऊन चालणाऱ्या जागेवर परत उभं राहणं.

---

ऊसकाटा · मंगळवार, दुपारी १:१५

वरच्याला जोडून. आमच्याकडचे निम्मे प्रश्न वायरीत असतात, कोडात नसतात. काट्याचं घ्या. वजनकाट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून सतत वजन पाठवत असतो, ते वाचून पावतीवर छापायचं. एवढंच काम, पण त्यात लोक आठवडे घालवतात. ज्या क्रमानं तपासायचं तो लिहून ठेवतो, ड्यूटीवरच्यांना उपयोगी पडेल.

पहिलं, पोर्ट खरंच दिसतोय का. यूएसबी-सिरियल केबल असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' आहे का बघा. प्रोलिफिक या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या नकली चिपला नवा ड्रायव्हर नकार देतो, तेव्हा असं येतं. केबल बदला, कोड लिहून ते बरं होत नाही.

दुसरं, केबल आणि पोर्ट ठीक आहेत का. काट्यापासून सोडवून नऊ पिनांच्या टोकाला २ आणि ३ नंबरची पिन जोडा, टर्मिनल प्रोग्राममधून (पोर्टवर थेट लिहायचा-वाचायचा प्रोग्राम) काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत आलं तर संगणकाकडची बाजू बरोबर. नाही आलं तर पुढं जाऊच नका.

तिसरं, वेग आणि पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट). अक्षरं येतात पण गिचमिड, म्हणजे बॉड रेट (वेग) चुकलाय: २४००, ४८००, ९६०० करून बघा. काही अक्षरं बरोबर आणि काही विचित्र, असं असेल तर ७ बिट इव्हन पॅरिटीच्या जागी ८ बिट नो पॅरिटी लावलंय (किंवा उलट). इंडिकेटरच्या पुस्तिकेत असतं, पुस्तिका कुणी उघडत नाही.

चौथं, इथं खरी मेख. सगळं जुळलं तरी मधूनच १२३४० च्या जागी ३४० येतं. कारण पोर्टवर डेटा आला की प्रोग्राम असेल तेवढा उचलतो, आणि तो अर्धा असतो. आलेलं एका जागी साठवत राहायचं, शेवटचं चिन्ह (बहुधा कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळ संपल्याची खूण, पुस्तिकेत बघा) आलं की तेवढाच तुकडा कापून वाचायचा, उरलेला पुढच्यासाठी ठेवायचा. आणि वजन स्थिर झाल्याशिवाय पावती नाही. बऱ्याच इंडिकेटरांच्या मजकुरात स्थिर-अस्थिर सांगणारं अक्षर असतं. नसेल तर लागोपाठ पाच वाचनं सारखी आली की स्थिर धरा.

आणखी एक: एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. टर्मिनल प्रोग्राम मागं उघडा ठेवून 'ॲक्सेस डिनाइड' आला म्हणून रडायचं नाही.

---

उगाच_एक · मंगळवार, दुपारी १:४०

मागं घेतो शब्द. वाचनखूण साठवली.

---

शुद्धलेखन_युनिकोड · मंगळवार, दुपारी ३:२५

असाच क्रम मराठी मजकुरासाठी हवा, कारण आपल्याकडं प्रत्येक पावतीवर मराठी लागतं. जाणकारानं फोनवरच पहिला प्रश्न विचारायचा: नावाच्या जागी नेमकं काय दिसतंय?

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बातमी वाईट. मूळ अक्षरं साठवतानाच गेली, ती परत येत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्तंभ 'वारकॅर' (मराठी सहसा न मावणारा प्रकार) आहे किंवा मजकुराच्या आधी 'एन' लावला नाही, ही नेहमीची कारणं. स्तंभ 'एनवारकॅर' (युनिकोडचा प्रकार) करा आणि मजकूर पुन्हा भरा.

विचित्र युरोपी अक्षरं दिसत असतील तर बहुधा बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकतोय. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) लिहिलेलं कुणीतरी लॅटिन-१ (जुनी युरोपी पद्धत) समजून वाचतंय. डेटाला हात न लावता जोडणीची एन्कोडिंग दुरुस्त करायची. घाईघाईनं 'दुरुस्तीची' क्वेरी चालवली की डबल एन्कोडिंग (बदललेलंच पुन्हा बदलणं) होतं आणि साधा घोळ अवघड होतो.

चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, डेटा ठीक आहे. पीडीएफ आणि थर्मल प्रिंटरवर हे हमखास.

इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ दिसत असेल तर तो श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टातला मजकूर आहे. तो युनिकोड नाहीच. रूपांतराचा तक्ता लागतो, आणि नुसती अक्षर-अक्षर अदलाबदल पुरत नाही: जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात नंतर. रफाराचंही तसंच, त्याची जागा हलवावी लागते.

लांबीही लक्षात ठेवा. 'सांगली' डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडात सहा, यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. ओरॅकलमध्ये स्तंभाची लांबी मुद्दाम अक्षरांत न मागता तशीच दिली तर सहसा बाइटमध्ये मोजतात, म्हणजे वीसच्या स्तंभात 'सांगली' मावते आणि 'सांगलीवाडी' मावत नाही. एसएमएसमध्येही मराठी मजकुराला एका संदेशात १६० नाही, ७० अक्षरं मिळतात. त्यापुढं गेलं की ६७-६७ चे तुकडे आणि तेवढे पैसे. पतसंस्थेच्या एसएमएसचं बिल दुप्पट का आलं, याचं उत्तर इथं असतं.

---

घाटमाथा (सातारा) · मंगळवार, सायंकाळी ६:५०

साधनांबद्दल.

आवाज आणि स्क्रीन वेगळे ठेवा. आवाज साध्या फोन कॉलवर, स्क्रीन इंटरनेटवर. नेट गचकलं तरी बोलणं तुटत नाही आणि 'ऐकू येतंय का'मध्ये वेळ जात नाही. स्क्रीन शेअरला एक एमबीपीएस धरला तर ४५ मिनिटांत साधारण ३४० एमबी जातात. दिवसाला दीड जीबीचा मोबाइल पॅक असेल तर एक बैठक आरामात बसते. कॅमेरा बंद. रेझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा आणि एडिटरचा फॉन्ट १८ करा. मोठ्या मॉनिटरची पूर्ण स्क्रीन पाठवली की पलीकडच्याला मुंग्या दिसतात.

व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) वापरणाऱ्यांनी लाइव्ह शेअर हा त्याचा एकत्र काम करायचा जोड घ्यावा. चित्राऐवजी मजकूर जातो, त्यामुळं डेटा फार कमी लागतो आणि दोघांना आपापल्या जागी कर्सर फिरवता येतो. फाइल मालकाच्याच मशीनवर राहतात. सुरुवात 'रीड ओन्ली'नं (फक्त बघता येईल असं) करायची. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) लिहिण्यासाठी उघडलं तर तो तुमच्या मशीनचा पूर्ण ताबा आहे हे समजून उघडा.

नुसतं टर्मिनल दाखवायचं असेल तर टीमेट हे साधन. त्यात फक्त बघण्याचा आणि लिहिण्याचा असे दोन वेगळे पत्ते मिळतात, देताना नीट बघून द्या. बाहेर जाणारा एसएसएच (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) लागतो, कॉलेजच्या आणि काही कार्यालयांच्या नेटवर तो अडवलेला असतो. तिथं मोबाइलचा हॉटस्पॉट.

वीज: लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस घ्या, राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून.

अवांतर: ड्यूटीची यादी एकट्या सांगलीची ठेवू नका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. पाणी आलं की सगळे जाणकार एकाच वेळी अंधारात. कऱ्हाड, सातारा, विटा इथली किमान चार नावं ठेवा.

---

कुलूपकिल्ली · मंगळवार, रात्री ८:३०

गिऱ्हाइकाच्या माहितीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

पतसंस्थेच्या सभासदाचा आधार, पॅन, शिल्लक, किंवा रुग्णाचा रिपोर्ट तुमच्या मालकीचा नाही. तो परक्या माणसाला दाखवायचा हक्क तुम्हाला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर हे गमतीत घ्यायची सोयच उरली नाही. म्हणून बैठक कायम खोट्या डेटावर. खोटा डेटा करतानाही एक अडचण येते: आधारचा शेवटचा अंक वेरहोफ पद्धतीचा तपासणी अंक असतो, त्यामुळं मनानं टाकलेले बारा अंक फॉर्म स्वीकारत नाही. चाचणीच्या मशीनवर ती तपासणी बंद ठेवा. शेजाऱ्याचा खरा नंबर टाकू नका.

बैठकीआधी: पासवर्ड असलेली एन्व्हायर्नमेंटची फाइल बंद करा, लाइव्ह शेअरच्या 'व्हीएसएलएस' सेटिंगमध्ये ती 'एक्सक्लूड'ला टाका, म्हणजे पलीकडं दिसणार नाही. ब्राउझरमधले बँकेचे, मेलचे टॅब बंद. पूर्ण स्क्रीनऐवजी एकच विंडो शेअर करा. व्हॉट्सॲपच्या सूचना बंद.

बैठकीत चुकून पासवर्ड किंवा 'की' (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) दिसली तर लाजायचं नाही, लगेच सांगायचं आणि बैठक संपताच बदलायची. ही किल्ली गिटवर गेली असेल तर कमिट (बदलाची नोंद) पुसून भागत नाही, ती ज्यानं दिली त्या सेवेत जाऊन रद्द करावी लागते. आधी रद्द करा, इतिहास नंतर पुसा.

रिमोट कंट्रोलची साधनं या सोयीत नकोतच. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. साधन वाईट नाही, पण 'अनोळखी माणसाला कोड सांगा आणि ताबा द्या' ही सवय डेव्हलपरनं लोकांना लावू नये. वापरावंच लागलं तर बैठकीनंतर कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड काढला का, हे केसपेपरवर लिहून सही.

---

मिरजजंक्शन · मंगळवार, रात्री ९:१०

पैसे! सगळं फुकट ठेवलंत तर तीन महिन्यांत ड्यूटीवर कुणी उरणार नाही. गूगलनं हेल्पआउट्स नावाची व्हिडिओवरून जाणकार गाठून देणारी सेवा नोव्हेंबर २०१३ मध्ये काढली आणि एप्रिल २०१५ मध्ये गुंडाळली. हॅकहँड्स तर खास अडलेल्या प्रोग्रामरसाठीच होती, ती २०१५ मध्ये प्लूरलसाइटनं विकत घेतली. एवढ्या मोठ्यांना हे पेलायला जड गेलं, आपण फुकटात कसं पेलणार?

माझा प्रस्ताव: पहिली १५ मिनिटं विनामूल्य, पुढच्या प्रत्येक १५ मिनिटांना १५० रुपये, विद्यार्थ्यांना माफ.

---

तासगाव_बेदाणा · मंगळवार, रात्री ९:२८

असहमत. दीडशे रुपये आले की लगेच 'पैसे दिलेत, सोडवूनच द्या' सुरू होणार. फुकटात माणूस केसपेपर नीट भरतो, कारण दुसऱ्याचा वेळ घेतोय याची जाणीव असते.

---

मिरजजंक्शन · मंगळवार, रात्री ९:३६

उलट आहे. फुकट असलं की लोक एररही न वाचता रांगेत येतात.

---

कुपवाडी_कोड · मंगळवार, रात्री ९:५०

दोन्ही ठेवू. मंगळवार विनामूल्य, शुक्रवार सशुल्क. महिन्याभरानं केसपेपर शेजारी ठेवून बघू कुठले नीट भरलेत.

---

जमाखर्च · मंगळवार, रात्री १०:१५

सशुल्क करणार असाल तर पैसे मध्ये कुणी गोळा करू नका. विचारणाऱ्यानं जाणकाराला थेट यूपीआय करावं. दुसऱ्याचे पैसे धरून ठेवून पुढं देणं हा वेगळाच धंदा होतो आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात. सोय चालवायचा खर्च हवा असेल तर वेगळी वर्गणी काढा.

जाणकारानं हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं. सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाख, तिथपर्यंत कुणी जाईल असं वाटत नाही. खरा अडथळा नोकरीचा करार. बऱ्याच कंपन्या बाहेरचं पैशाचं काम लेखी परवानगीशिवाय करू देत नाहीत, आणि काहींच्या करारात नोकरीच्या काळात लिहिलेल्या कोडावर कंपनीचा हक्क असतो. अशांनी मंगळवारी बसावं, आणि तिथंही स्वतः कोड लिहून देऊ नये.

---

अर्धविराम · मंगळवार, रात्री १०:४०

'स्वतः कोड लिहून देऊ नये' हा नियम करारासाठी नाही, कामासाठीच करा. कीबोर्ड विचारणाऱ्याच्याच हातात. जाणकार सांगेल, हा टाइप करेल. वेळ जास्त लागतो हे मान्य, पण जाणकारानं झरझर लिहून दिलेलं दुसऱ्या दिवशी बदलता येत नाही आणि तोच माणूस तोच प्रश्न घेऊन शुक्रवारी हजर.

बैठकीची मांडणी अशी सुचवतो. पहिली पाच मिनिटं केसपेपर मोठ्यानं वाचून चूक डोळ्यासमोर घडवून आणणं. घडत नसेल तर ती घडवणं हेच आजचं काम. पुढची पंचवीस मिनिटं अर्ध्या-अर्ध्यानं शोध: डेटा ब्राउझरपर्यंत बरोबर आहे का, सर्व्हरपर्यंत, डेटाबेसपर्यंत. मधोमध बघा, चूक आधी आहे की नंतर ते ठरवा, मग उरलेल्याच्या मधोमध. गिटमध्ये 'आधी चालत होतं' असेल तर बायसेक्ट, म्हणजे नोंदींतही असाच अर्ध्या-अर्ध्यानं शोध: शंभर कमिटमधला दोषी सात चाचण्यांत सापडतो.

तीस मिनिटं झाली आणि दिशा मिळाली नाही तर जाणकारानं मोकळेपणानं 'हे माझ्या आवाक्यातलं नाही' म्हणायचं आणि 'हाक मारली तर येईन' यादीतल्याला केसपेपर पाठवायचा. पाठवण्याआधी आपण काय काय वगळलं ते त्यात लिहायचं, नाहीतर पुढचा माणूस शून्यापासून सुरू करतो. पंचेचाळीस मिनिटांना बैठक बंद. सुटलं असो वा नसो.

---

कऱ्हाडी_कर्नल · बुधवार, सकाळी ८:२०

केसपेपर वाचून कुणाकडं पाठवायचा हे ठरवणारा एक माणूस वेगळा हवा, तो सोडवायला बसणार नाही. ड्यूटीवरचाच जाणकार रांगही बघत बसला तर दोन्ही बिघडतं. हे काम तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी चांगलं करतील: सांगलीत वालचंद, कऱ्हाडात शासकीय अभियांत्रिकी. त्यांना शिकायलाही मिळतं. त्यांनी फक्त एवढं बघायचं: केसपेपर पूर्ण आहे का, एरर मजकुरात आहे का, गुप्त काही दिसतंय का. अपुरा असेल तर दहा मिनिटांच्या आत नेमकं काय हवं ते विचारून परत. 'माहिती अपुरी' एवढंच लिहून परत पाठवायचं नाही.

---

माणदेशी_मशीन · बुधवार, सकाळी ९:४५

आणि चालू गिऱ्हाइकाचं बंद पडलं तर? पतसंस्थेची दिवसअखेर (दिवसाचा हिशोब बंद करायचं काम) अर्ध्यात अडकली, बाहेर रोखपाल थांबलाय. तो मंगळवारची वाट बघणार काय?

---

कुलूपकिल्ली · बुधवार, सकाळी १०:१०

ते काम या रांगेचं नाहीच, आणि केसपेपरच्या माथ्यावर ठळक छापा. चालू डेटावर परक्यानं घाईत सांगितलेली अपडेट क्वेरी चालवण्यासारखा धोका नाही.

अशा वेळी फोनवर सांगता येईल ते एवढंच: दिवसअखेर पुन्हा दाबू नका, व्याजाच्या नोंदी दोनदा पडतात. सगळ्यांना बाहेर काढा, डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर खरंच उघडतो का ते बघा. मग त्या प्रतीवर शोधा, किती नोंदी पडल्या आणि कुठल्या खात्यावर थांबली. दुरुस्ती आधी प्रतीवर चालवायची, जमा-नावे जुळतात का बघायचं, त्यानंतरच मूळ डेटावर, तीही ट्रान्झॅक्शनमध्ये (पक्कं करेपर्यंत मागं घेता येतं असं). किती ओळी बदलल्या तो आकडा प्रतीवरच्या आकड्याशी जुळला तरच कमिट (बदल पक्का), नाहीतर रोलबॅक (बदल मागं). रोखपालाला आजचा हिशोब कागदावर लिहून घरी जायला सांगा.

---

कुपवाडी_कोड · बुधवार, दुपारी १२:३०

केसपेपरचा कच्चा मसुदा आज रात्री इथंच टाकतो, वरचे सगळे रकाने घेऊन. पहिली बैठक येत्या शुक्रवारी नको, पुढच्या मंगळवारी, विनामूल्य. ड्यूटीला चार नावं हवी आहेत. काट्याचं आणि मराठी मजकुराचं बघणारे दोघं 'हाक मारली तर येईन' यादीत आले तर बरं होईल.

---

ऊसकाटा · बुधवार, दुपारी १२:४४

या यादीत माझं नाव घाला. फक्त गळीत हंगामात रात्री आठनंतरच हाक मारा.